एक खोली, दहा वस्तू आणि १२० तास

पदवीच्या वेळापत्रकात ‘ओजेटी’, म्हणजे ‘ऑन जॉब ट्रेनिंग’, आलं, की शेवगावसारख्या तालुक्याच्या गावी पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: इथं कुठली कंपनी आहे? पोराला पाठवायचं कुठं? नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी या कार्यप्रशिक्षणाला चार क्रेडिट दिली आहेत, म्हणजे साधारण १२० तासांचं प्रत्यक्ष काम. वाणिज्यची मुलं पतसंस्थेत किंवा सीएंच्या ऑफिसात जातात, संगणकाची मुलं पुणं गाठतात. इतिहास, मराठी, भूगोल, समाजशास्त्र घेतलेल्या मुलांची मात्र पंचाईत होते. कुठून तरी सही-शिक्का आणून प्रमाणपत्र जोडण्याकडे कल वाढतो आणि १२० तास वाया जातात.

या मुलांना माझं सुचवणं असं आहे: चार-पाच जणांनी मिळून एक छोटं संग्रहालय-प्रदर्शन उभं करा. त्यासाठी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातली किंवा सार्वजनिक वाचनालयातली एक खोली आणि दहा वस्तू पुरतात. पुढं संग्रहालयात नोकरी करायची असो वा नसो, ‘काय ठेवायचं, काय वगळायचं आणि जे सांगतो ते खरं कशावरून’ हे ठरवण्याची सवय या कामात लागते. ज्याला ती सवय आहे, तो कुठल्याही क्षेत्रात उपयोगी पडतो.

आधी पाहायला शिका

पहिले वीस तास फक्त पाहण्यासाठी ठेवा. शेवगावहून सकाळच्या एसटीनं निघून संध्याकाळी परत येता येईल, एवढ्या टापूत मोठा ऐवज आहे. नगर शहरात १९६० पासूनचं ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे आणि लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे. गोदावरीपलीकडं पैठणला बाळासाहेब पाटील शासकीय पुराणवस्तू संग्रहालय आहे. शेजारच्या नेवाशात डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलियांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केलं आणि अश्मयुगापासूनच्या वस्तीचा क्रम लावला. नगर जिल्ह्यातल्याच दायमाबादला १९७४ साली बैलजोडीचा ब्राँझचा रथ सापडला.

संग्रहालयात गेल्यावर वस्तूंबरोबर माणसांकडेही पाहा. लोक कुठं थांबतात, कुठली पाटी अर्ध्यावर सोडतात, लहान मुलाला काचेतलं दिसतं का, हे वहीत टिपून घ्या. जमलं तर पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहा. तिथल्या संग्रहात वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत, पण मांडलेल्या आहेत अडीच हजारांच्या आसपास. अडकित्ते, दिवे, वज्री, फण्या अशा घरगुती वस्तूंनी नाव झालेलं हे संग्रहालय आहे. आपल्या माळ्यावर काय पडलंय, याकडे त्यानंतर वेगळ्या नजरेनं पाहिलं जातं.

विषय एकाच प्रश्नात बसवा

‘शेवगाव तालुक्याचा इतिहास’ हा प्रदर्शनाचा विषय होऊ शकत नाही, तो दहा पुस्तकांचा विषय आहे. खोलीभर प्रदर्शनाला एकच प्रश्न लागतो. उदाहरणासाठी तालुक्याच्या काठावरचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय घ्या. जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी त्याचं उद्घाटन केलं. या दहा-अकरा वर्षांत गोदाकाठची गावं उठली, त्यांत शेवगाव तालुक्यातलीही होती. मग प्रश्न असा: गाव उठलं तेव्हा माणसांनी बरोबर काय नेलं?

हा प्रश्न हाती आला की पुढची वाट दिसू लागते. जुन्या वाड्याची नव्या घराला बसवलेली चौकट, भरपाईची नोटीस, जुना सातबारा, लग्नातला तांब्याचा हंडा, गावदेवाचा फोटो, या गोष्टी कुणाकडे आहेत याचा शोध सुरू होतो. त्या वेळी विशीत असलेली माणसं आज सत्तरी-पंच्याहत्तरीची आहेत. त्यांचं सांगणं नोंदवायचं तर आत्ताच, आणखी दहा वर्षांनी ते शक्य होणार नाही. ज्यांना हा विषय दूरचा वाटतो, त्यांनी ऊसतोडीचा हंगाम घ्यावा: कोयता, बैलगाडी, फडाजवळची कोपी, मुकादमाच्या उचलीचा हिशेब आणि मागं राहिलेल्या मुलांची शाळा. या भागातल्या कितीतरी घरांत ही माहिती जिवंत आहे आणि ती नीट मांडलेली फारशी दिसत नाही.

कोणी काय करायचं

पाच जणांच्या गटात पाच कामं वाटून घ्या. प्रत्येकाचं काम वेगळं दिसलं, तरच पुढं मुलाखतीत प्रत्येकाला सांगण्यासारखं काही राहील.

*शोध घेणारा.* मुलाखती घेतो, तारखा तपासतो. आजोबा १९७२ म्हणाले आणि नोटिशीवर १९७४ असेल, तर दोन्ही नोंदवून फरकाचं कारण शोधतो. पत्रकारिता, संशोधन आणि स्पर्धा परीक्षा या तिन्हींची ही पूर्वतयारी आहे.

*वस्तू सांभाळणारा.* वस्तू घेताना पोचपावती देतो, नोंदवहीत क्रमांक, माप, मालकाचं नाव आणि सध्याची अवस्था लिहितो, चारही बाजूंनी फोटो काढतो. क्रमांकाची चिठ्ठी दोऱ्यानं बांधायची, वस्तूवर शाईनं लिहायचं नाही. तांब्याचं भांडं चिंचेनं घासून लखलखीत करायचं नाही, कारण त्याच्यावरचा काळपट थर हाही त्याच्या वयाचा पुरावा असतो. कागद आणि कापडावर ऊन पडू द्यायचं नाही. अशा वस्तूंसाठी संग्रहालयं प्रकाश ५० लक्सच्या आसपासच ठेवतात.

*लिहिणारा.* वस्तूशेजारच्या पाट्या लिहितो. एका पाटीत साठ-सत्तर शब्दांच्या पुढं जायचं नाही. ‘तांब्याचा हंडा, उंची अमुक’ एवढ्यानं वाचणाऱ्याला काही मिळत नाही. हंडा कोणाचा, कोणत्या गावातून कसा आला, आज तो कशासाठी वापरतात, हे त्याला हवं असतं. पाटी पाच वेळा लिहावी लागली तरी बिघडत नाही. तेवढ्या वेळा लिहिल्याशिवाय कमी शब्दांत नेमकं लिहिणं अंगवळणी पडत नाही.

*मांडणी करणारा.* खोलीचा नकाशा मापानं काढतो. माणूस दारातून आत आल्यावर आधी कुठं वळेल, व्हीलचेअर वळेल एवढी जागा आहे का, चित्राचा मध्य जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास येतो का, अक्षरं दोन पावलांवरून वाचता येतात का, हे तो पाहतो. छपाईसाठी शेवगावातला फ्लेक्सवाला आणि सनबोर्ड पुरेसे आहेत.

*हिशेब आणि वेळ पाहणारा.* कोटेशन घेतो, बिलं ठेवतो, कोणतं काम कोणत्या दिवशी संपणार याचा तक्ता भिंतीवर लावतो. उद्घाटनाची तारीख एकदा जाहीर झाली की मागं घेता येत नाही. त्या दडपणात काम पुरं करण्याचा अनुभव वर्गात मिळत नाही.

पाहण्यात वीस तास गेले, की चाळीस तास माहिती आणि वस्तू गोळा करण्यात, पंचवीस लेखनात, पंचवीस मांडणीत आणि शेवटचे दहा पाहुण्यांबरोबर घालवा. त्या दहा तासांत प्रत्येकानं प्रदर्शन समजावून सांगायचं आणि लोकांना काय कळलं नाही ते लिहून ठेवायचं.

कायदा आणि सभ्यता

पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर खापरं दिसली म्हणून उकरायचं नाही. जमिनीत सापडलेला दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येतात, त्यामुळं मूर्ती किंवा नाणं कुणी दाखवलं तर आधी प्राध्यापकांना आणि पुरातत्त्व खात्याला विचारा. मुलाखतीला लेखी संमती घ्या. वस्तू ठरल्या दिवशी परत करा. विश्वास एकदा गेला, की पुढच्या वर्षीच्या मुलांना त्या घराचं दार उघडत नाही.

पुढचे रस्ते

हे काम मनापासून आवडलं, तर शिक्षणाचे रस्ते स्पष्ट आहेत. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे, भारतातला तो पहिला. नॅशनल म्युझियम इन्स्टिट्यूट १९८९ मध्ये सुरू झाली. ती आता नोएडात इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेज म्हणून चालते आणि संग्रहालयशास्त्र, वस्तुसंवर्धन आणि कलेतिहास शिकवते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पदव्युत्तर पदविका आहे. पुरातत्त्वासाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज आहे. रसायनशास्त्राच्या बीएस्सीवाल्यांनी वस्तुसंवर्धनाकडे जरूर पाहावं, जुना कागद आणि धातू वाचवायला रसायनच लागतं.

मांडणीत रमणाऱ्या मुलांसाठी अहमदाबादची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन (एनआयडी) आहे. बारावीनंतर कोणत्याही शाखेतून तिची प्रवेश परीक्षा देता येते. नगरच्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ कैदेत असलेल्या नेहरूंच्या जीवनावर १९६५ मध्ये एक मोठं प्रदर्शन झालं. ते चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी दांपत्यानं एनआयडीच्या चमूबरोबर घडवलं होतं. प्रदर्शन उभारणं हा आपल्याकडेही साठ वर्षांपासून शिकवला जाणारा व्यवसाय आहे. प्रवेशाच्या अटी आणि शुल्क मात्र त्या त्या वर्षीच्या अधिकृत पत्रकातच पाहावं.

पालकांना नोकऱ्यांबद्दल स्पष्ट सांगायला हवं. संग्रहालयांतल्या सरकारी जागा थोड्या आहेत आणि त्यांच्या जाहिराती नियमित निघत नाहीत. एवढ्या एका आशेवर मुलाची पाच वर्षं लावू नयेत. पण हेच कौशल्य विज्ञान केंद्रांना, पर्यटन प्रकल्पांना, स्मारकांना, कंपन्यांच्या आणि बँकांच्या अभिलेखागारांना, प्रकाशनसंस्थांना आणि इव्हेंट डिझाइन करणाऱ्यांना लागतं. ‘खेड्यात कसलं संग्रहालय’ असंही म्हणू नये. साताऱ्याच्या औंधला, एका लहान गावात, भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभं केलेलं संग्रहालय आजही अभ्यासकांना ओढून आणतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची फिरती बस २०१५ पासून शाळांच्या दारात जाते. मुलांना हे झेपेल का, अशी शंका असेल, तर ब्रिटनमध्ये ‘टेकओव्हर डे’ला मुलं एक दिवस संग्रहालयाची कामं हाती घेतात.

पालकांनी काय विचारावं

मार्गदर्शक प्राध्यापक कोण, आठवड्यातून किती वेळा भेटणार? महाविद्यालयाचं पत्र आणि ओळखपत्र मिळणार का? मुलगी गावोगाव मुलाखतींना जाणार असेल, तर दोघी-तिघींनी मिळून, दिवसाउजेडी जाण्याची व्यवस्था आहे का? प्रशिक्षणासाठी कुणी पैसे मागतंय का? मागत असेल तर तिथं पाठवू नका. शेवटी फलकावर मुलांची नावं येणार का, हेही विचारा, कारण पुढच्या अर्जात ते नाव हाच पुरावा असतो.

मुलांनी पाटीचा पहिला आणि शेवटचा मसुदा, खोलीचा नकाशा, खर्चाचा ताळेबंद, आधीचे-नंतरचे फोटो आणि पाहुण्यांचे अभिप्राय एका फाइलमध्ये लावावेत. मुलाखतीत प्रमाणपत्राकडे एक नजर जाते, अशी फाइल मात्र चाळून पाहिली जाते.

१२० तास संपले की मुलाला शेजारी बसवून तीन गोष्टी विचारा: कोणतं काम करताना वेळेचं भान राहिलं नाही? कोणतं काम टाळावंसं वाटलं? हे काम पैसे न मिळताही आणखी महिनाभर करशील का? या उत्तरांवरून पुढची शाखा ठरवा. शेजारच्याचा मुलगा काय शिकतोय, यावरून घेतलेल्या निर्णयापेक्षा हा निर्णय कितीतरी भक्कम असेल, कारण तो तुमच्या मुलानं स्वतःच्या हातांनी केलेल्या कामावर उभा असेल.