एल्क, ऊन आणि डोंगरातला वारा

उत्तर अमेरिकेच्या रॉकी पर्वतात एल्क नावाचे थोराड हरीण राहते. काश्मीरच्या हंगुलाचे ते जवळचे नातेवाईक; मोठा नर ३०० किलोग्रॅमच्याही पुढे भरतो. (युरोपात ‘एल्क’ हे नाव मूस या वेगळ्याच प्राण्याला देतात, तेव्हा वाचताना गल्लत करू नका.) १९०० सालच्या सुमारास बेसुमार शिकारीमुळे एल्क फार घटले होते. आज त्यांची संख्या पुन्हा लाखांत आहे आणि परवाना घेऊनच शिकार करता येते. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने हरणांची शिकार हा गुन्हाच आहे. पण एल्क कोठे सापडतो आणि शिकारी त्याला कसा गाठतो, यामागचे पदार्थविज्ञान आपल्याही कामाचे आहे.

एल्क पहाटे व संध्याकाळी मोकळ्या कुरणात चरतो आणि दिवसा झाडीत रवंथ करीत बसतो. सप्टेंबरात त्याच्या अंगावर हिवाळी केस येऊ लागतात; त्यामुळे दुपारचे ऊन त्याला सोसत नाही. म्हणून बसायला तो बहुधा उत्तरेकडचा उतार निवडतो. का, ते गणिताने पाहू. ४० अंश उत्तर अक्षवृत्त कोलोरॅडो राज्यातून जाते. २३ सप्टेंबरच्या सुमारास तेथे मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरच्या बिंदूपासून ४० अंश दक्षिणेकडे असतो. डोंगराचा उतार ३० अंशांचा धरा. दक्षिण उतारावर किरण लंबाशी अवघा १० अंशांचा कोन करतात. त्याची कोज्या ०.९८. उत्तर उतारावर हाच कोन ७० अंश, कोज्या ०.३४. म्हणजे एकाच डोंगराच्या एका अंगाला दुसऱ्याच्या जवळजवळ तिप्पट ऊन! त्रिकोणमिती कशाला शिकायची, असे विचारणाऱ्यांना मी हेच उदाहरण देतो. दक्षिण उतार कोरडा व गवताळ राहतो. उत्तरेला ओल टिकते, फर आणि स्प्रूसची दाट झाडी वाढते.

जागा कळली म्हणून एल्क हाती लागतो असे नाही. त्याचे नाक फार तिखट! ‘समोरून वारा घेत जा’ हा नियम सपाटीवर पुरतो. डोंगरात मात्र, आकाश निरभ्र असले की, वारा दिवसातून दोनदा उलटतो. रात्री जमीन प्रारणाने उष्णता गमावते. तिला लागून असलेली हवा थंड व जड होते आणि पाण्यासारखी घळीघळीतून खाली उतरते. ऊन चढले की उतार तापतो, हवा हलकी होऊन वर सरकते. म्हणून जाणता शिकारी पहाटे एल्कच्या खालच्या अंगाने येतो आणि उन्हे तापल्यावर लांबचा वळसा घेऊन वरच्या अंगाला जातो. फसवी वेळ असते ती मधली. पूर्वेचा उतार आधी तापतो, सावलीतला उत्तर उतार मागाहून. तोवर हवा कधी इकडे, कधी तिकडे घोटाळते. पुष्कळ शिकारी खिशात बारीक पुडीची लहान बाटली ठेवतात आणि चिमूटभर उडवून हवेचा कल पाहतात. तुम्हाला हे अगरबत्तीच्या धुराने एखाद्या टेकडीवर, संथ हवेच्या संध्याकाळी सहज पाहता येईल.

आता हेच गणित २२ डिसेंबरसाठी करा. सूर्य आणखी २३.५ अंश दक्षिणेला गेलेला. उत्तर उतारावर किरणांचा लंबाशी कोन ९३.५ अंश येतो, म्हणजे भर दुपारीही तेथे थेट ऊन नाही! बर्फ साचून राहतो, गवत त्याखाली गाडले जाते. दक्षिण उतारावर हा कोन ३३.५ अंशच असतो. तेथला बर्फ लवकर विरतो. मग सप्टेंबरात ज्या अंगाचे ऊन टाळले, त्याच अंगाला, खालच्या उतारांवर, एल्कचे कळप चरायला येतात.