सर्व्हर ओढला की नेटवर्क का तुटते?

प्रश्न : रॅकमधला सर्व्हर दुरुस्तीसाठी बाहेर ओढला की नेटवर्क तुटते. केबल खराब असेल का?

उत्तर : बहुधा नाही, ती आखूड पडत असावी. रेल पूर्ण उघडल्यावरही ताण येणार नाही, इतकी ढील मागे हवी. ती सांभाळायला केबल मॅनेजमेंट आर्म मिळतो, पण दाटीच्या रॅकमध्ये तोच गरम हवेची वाट अडवतो.

प्लास्टिकचे झिप टाय करकचून आवळण्याची हौस अनेकांना असते. त्याने कॅट-6 केबलमधल्या तारांच्या जोड्या दबतात. वेल्क्रोच्या पट्ट्या बऱ्या. वळणाची त्रिज्या केबलच्या व्यासाच्या निदान चौपट ठेवावी.

सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतील, तर दोन्ही एकाच पीडीयूत खोचणे म्हणजे दुसऱ्याचे पैसे वाया. ते वेगवेगळ्या पीडीयूंना जोडावेत आणि प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना लेबल लावावे.