रॉकेट फुटलं, तरी टाळ्या का?

प्रश्न : स्टारशिपच्या पहिल्या उड्डाणाची चित्रफीत मुलाने दाखवली. एवढं अजस्र रॉकेट आकाशात फुटतं आणि कंपनीची माणसं जल्लोष करतात! एसएलव्ही-३ कोसळल्यावर कलामांना काय वाटलं होतं, ते ‘अग्निपंख’मध्ये वाचलेलं आहे. मग इथे आनंद कशाचा? तो खरा होता की कॅमेऱ्यासाठी?
– एक वाचक, कराड

उत्तर : आनंद खरा होता. मात्र तो रॉकेट फुटल्याचा नव्हता, आणि सगळ्यांचा तर मुळीच नव्हता.

२० एप्रिल २०२३ ची सकाळ. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात, मेक्सिकोच्या सीमेलगत, बोका चिका नावाच्या किनाऱ्यावरून स्पेसएक्स कंपनीचं हे रॉकेट निघालं. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे सात वाजून गेले होते. उंची १२० मीटर, खाली ३३ इंजिनं. सगळी पूर्ण ताकदीने चालली, तर चंद्रावर माणसं नेणाऱ्या सॅटर्न-५ च्या जवळपास दुप्पट जोर. त्या दिवशी तीन इंजिनं निघतानाच बंद होती. वर जाताना आणखी काही बंद पडली, नियंत्रण सुटलं, दोन टप्पे वेगळे झालेच नाहीत. ३९ किलोमीटरपर्यंत पोचून रॉकेट गिरक्या घेऊ लागलं. मग त्यातली स्फोटकं उडवून ते मुद्दाम नष्ट करण्यात आलं. उड्डाणाला तेव्हा जेमतेम चार मिनिटं झाली होती. आत माणूस नव्हता.

चित्रफीत पुन्हा पाहिलीत तर लक्षात येईल, की जल्लोष स्फोटाच्या कितीतरी आधी सुरू झालेला आहे. रॉकेट मनोऱ्याच्या वर सरकलं तिथेच. तळ उद्ध्वस्त न करता ते वर गेलं तरी पुष्कळ झालं, असं एलॉन मस्क यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. इतकी इंजिनं एकदम पेटवून आकाशात उठलेलं रॉकेट तोवर एकच होतं, सोव्हिएत संघाचं एन-१, तीस इंजिनांचं. १९६९ ते १९७२ या काळात त्याची चार उड्डाणं झाली आणि चारही फसली. त्यातल्या दुसऱ्या खेपेला, जुलै १९६९ मध्ये, ते तळावरच कोसळलं आणि तळ उद्ध्वस्त झाला. त्यावर लोक काय म्हणाले? काहीच नाही, कारण लोकांना ते कळूच दिलं नाही. सोव्हिएत सरकारने ते अपयश कितीतरी वर्षं दडवून ठेवलं. खासगी कंपनीने आपली फजिती साऱ्या जगाला थेट दाखवली, हे मला खरोखर मोलाचं वाटतं. तुम्ही आज प्रश्न विचारू शकता, तो त्यामुळेच.

आता कलामांबद्दल. १० ऑगस्ट १९७९ ला भारताचं एसएलव्ही-३ रॉकेट निघालं आणि ३१७ सेकंदांनी बंगालच्या उपसागरात पडलं. त्यामागे अनेक वर्षांची मेहनत होती आणि पैसा गरीब देशाच्या तिजोरीतला होता. पुढच्या उड्डाणाला जवळजवळ वर्ष लागलं. १८ जुलै १९८० ला रोहिणी उपग्रह कक्षेत गेला. स्पेसएक्सची रीत वेगळी. एक रॉकेट उडवायचं, तोवर पुढची दोन-तीन बांधायला घ्यायची. डिसेंबर २०२० पासून स्टारशिपच्या वरच्या टप्प्याचे चार नमुने लागोपाठ फुटले. पाचवा मे २०२१ मध्ये धड उतरला. अशा कारखान्यात राबणाऱ्या तरुण अभियंत्यांना मोडलेल्या रॉकेटपेक्षा हाती आलेल्या मोजमापांची किंमत जास्त वाटते. त्यांच्या टाळ्या मला समजतात. नासाचे तेव्हाचे प्रमुख बिल नेल्सन यांनीही अभिनंदनच केलं.

पण पैसा निव्वळ खासगी होता असंही नाही. याच यानातून माणसं चंद्रावर उतरवायची म्हणून नासाने २०२१ मध्ये कंपनीला सुमारे २.८९ अब्ज डॉलरचं कंत्राट दिलं. ते पैसे अमेरिकी करदात्यांचे.

आणि तळाचं काय झालं, ते त्या टाळ्यांच्या आवाजात कुणाला ऐकू आलं नाही. ज्वाळा बाजूला वळवणारा चर तिथे नव्हता, पाण्याचे फवारेही नव्हते. पाण्याने गार ठेवायचा पोलादी पत्रा तयार होत होता, पण वेळेत झाला नाही. फेब्रुवारीत इंजिनं जागेवरच, निम्म्या जोरावर पेटवली तेव्हा काँक्रीट टिकलं होतं. एका उड्डाणापुरतं पुन्हा टिकेल असा हिशेब केला गेला. ते टिकलं नाही. इंजिनांखाली मोठा खड्डा पडला, काँक्रीटचे तुकडे शेकडो मीटर उडाले, काही समुद्रात जाऊन पडले. जवळच्या सरकारी उद्यानाच्या साडेतीन एकरांत आग लागली. जवळपास दहा किलोमीटरवरच्या पोर्ट इझाबेल गावात घरांवर, गाड्यांवर करड्या धुळीचा थर बसला.

या गावकऱ्यांनी टाळ्या वाजवाव्यात अशी अपेक्षा कोण करेल? तरी सगळा परिसर कंपनीच्या विरोधात आहे असंही समजू नका. शेजारचं ब्राउन्सव्हिल हे अमेरिकेतल्या गरीब शहरांपैकी एक. तिथे रोजगार आला. साउथ पॅड्रे बेटावर त्या सकाळी बघ्यांची गर्दी होती, हॉटेलवाल्यांचा धंदा झाला. मात्र ज्या किनाऱ्यावर लोक मासे धरायला आणि पोहायला जात आले, तो चाचण्यांसाठी वरचेवर बंद होतो. कॅरिझो-कोमेक्रूडो या मूळनिवासी लोकांना ती भूमी पवित्र आहे. समुद्री कासवं तिथे अंडी घालतात, आणि पायपिंग प्लोव्हर हा चिमुकला, संख्येने घटलेला पक्षी हिवाळा काढतो.

उड्डाणानंतर अकरा दिवसांनी, १ मे रोजी, पर्यावरण संघटनांनी या मूळनिवासींच्या साथीने खटला भरला. तो कंपनीवर नव्हे, परवाना देणाऱ्या केंद्रीय विमानवाहतूक खात्यावर होता. खात्याने त्याआधीच पुढची उड्डाणं थांबवली होती आणि चौकशीअंती ठरलेल्या ६३ सुधारणा कंपनीला करायला लावल्या. पोलादी पत्रा बसला. १८ नोव्हेंबर २०२३ च्या दुसऱ्या उड्डाणात ३३ च्या ३३ इंजिनं नीट चालली, तळ शाबूत राहिला. त्या दिवशीही रॉकेटचे दोन्ही टप्पे शेवटी नष्ट झाले, पण गावावर धूळ आली नाही.

म्हणजे थोडं थांबलं असतं, तर पत्रा आधी बसवता आला असता. घाई कंपनीची होती आणि धूळ शेजाऱ्यांच्या वाट्याला आली, तरी माझा राग त्या अभियंत्यांवर नाही, परवान्यावर सही करणाऱ्यांवर आहे. इतक्या अवाढव्य रॉकेटसाठी पर्यावरणावरच्या परिणामांचा सविस्तर अभ्यास न करता, त्याहून थोडक्या तपासणीवर त्यांनी काम भागवलं. तो पूर्ण अभ्यास करा, एवढीच खटल्यातली मुख्य मागणी होती आणि मला ती सर्वस्वी रास्त वाटते.