बी.पी., खारे पाणी आणि आपली मूत्रपिंडे

“डॉक्टरसाहेब, आता मले काहीच त्रास नाही. मंग गोया काहून खाऊ?”

पूर्णाकाठच्या एका गावातील शेतकरी काकांचा हा प्रश्न. वय पंचावन्न. दोन वर्षांपूर्वी डोके दुखते म्हणून आले तेव्हा रक्तदाब वाढलेला निघाला होता. गोळी सुरू केली, डोके थांबले आणि काकांनी गोळीही थांबवली. मध्ये आठ महिने गेले. आता आले ते सकाळी चेहरा सुजतो आणि रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागते म्हणून. रक्तदाब १९०/११०. रक्तातील क्रिएटिनिन ४.८, म्हणजे साधारण असायला हवे त्याच्या चौपट. मूत्रपिंडांचे बरेचसे काम गेलेले होते.

चूक एकट्या काकांची नाही. ताप उतरला की गोळी बंद, खोकला गेला की बाटली बंद, हीच आपली सवय. रक्तदाबाची गोळी मात्र ताप उतरवणाऱ्या गोळीसारखी नाही. ती घेत आहोत तोवरच दाब ताब्यात राहतो. सोडली की काही दिवसांत तो गुपचूप पूर्वीच्या जागी जातो. हे रुग्णाला नीट समजावून सांगायला गर्दीच्या दिवशी आम्हा डॉक्टरांनाही सवड होत नाही, हे कबूल केले पाहिजे.

वाढलेला दाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही. मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या लाखो बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळ्या असतात. वर्षानुवर्षे जास्त दाबाने रक्त आदळत राहिले की त्या एकेक करून निकामी होतात. उरलेल्या जाळ्या काम ओढून नेतात, म्हणून आपल्याला कळत नाही. क्रिएटिनिनसुद्धा साधारण निम्मे काम गेल्यावरच वाढू लागते. त्याआधी लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. म्हणून रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्याने वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवी, दोन्ही तपासावे. खर्च फार नाही.

आता आपल्या भागाची गोष्ट. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतून पूर्णेच्या दोन्ही अंगांनी खारपाणपट्टा पसरला आहे आणि दर्यापूर तालुका त्यातच येतो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक सांगते. हिशेब करून पाहा. २००० क्षारांचे पाणी शेतात राबणारा माणूस दिवसाला ४ लिटर प्याला, तर ८ ग्रॅम क्षार पोटात गेले. ते सगळेच खाण्याचे मीठ नसते हे खरे. पण आपल्याकडच्या खाऱ्या पाण्यात सोडियमचा वाटा मोठा असतो. जागतिक आरोग्य संघटना तर दिवसभराचे एकूण मीठच ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, ठेवायला सांगते. बांगलादेशच्या किनाऱ्यावरील दाकोप भागात असेच खारे पाणी पिणाऱ्या गरोदर बायांमध्ये वाढलेला रक्तदाब अधिक आढळला होता.

तरीही सगळे खापर पाण्यावर फोडू नये. पानातील ठेचा, लोणचे, पापड आणि आलूबोंड्याबरोबरची मीठ लावलेली मिरची यांचाही हिशेब असतोच. बोअरचे पाणी उकळले तर जंतू मरतात, क्षार जात नाहीत. उलट पाणी आटते तसे ते दाट होतात. तुरटीनेही जात नाहीत. नळाचे गोडे पाणी येत असेल तर पिण्याला आणि स्वयंपाकाला तेच वापरावे, नाहीतर आर.ओ.चे. काही म्हाताऱ्या मंडळींना गोडे पाणी ‘अळणी’ लागते. आठ-पंधरा दिवसांत जिभेला सवय होते. सैंधव हेही मीठच आहे. ‘कमी सोडियम’चे म्हणून मिळणारे मीठ मूत्रपिंडाच्या रुग्णाने विचारल्याशिवाय घेऊ नये, त्यातील पोटॅशियम त्याला धोक्याचे ठरू शकते.

काकांच्या खिशात आणखी एक वस्तू सापडली: गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्यांचे पान. रोज एक, कधी दोन. या गोळ्या रक्तदाब वाढवतात आणि अशक्त मूत्रपिंडावर सरळ घाव घालतात. गंमत अशी की, बी.पी.च्या गोळीने किडनी खराब होते म्हणून जी माणसे ती सोडतात, तीच ही गोळी बिनदिक्कत खातात. खरे उलट आहे. लघवीतून प्रथिने जात असतील तर टेल्मिसार्टनसारखी बी.पी.ची गोळी मूत्रपिंड राखायलाच देतात. अम्लोडिपिनने कुणाच्या पायावर सूज येते, एनालाप्रिलने कुणाला कोरडा खोकला लागतो. तेव्हा डॉक्टरांकडून गोळी बदलून घ्यावी, परस्पर बंद करू नये.

अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ होता. जवळ चांगले डॉक्टर होते, पण दाब नीट उतरवणारे औषधच नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी तो ३००/१९० झाला आणि मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. त्यांना जे मिळाले नाही ते आज आपल्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. तिशी ओलांडलेल्याने तेथे दाब मोजून घ्यावा. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा नको, खर्रा नको. पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे. दोन निरनिराळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून जास्त भरला तर उपचाराचे बोलावे.

काकांना मूत्रपिंडाच्या तज्ज्ञांना दाखवून आणले. दुखण्याच्या गोळ्या बंद आहेत, बी.पी.च्या सुरू आहेत. क्रिएटिनिन पूर्ववत होणार नाही, पण तीन महिन्यांत वाढलेलेही नाही. डायलिसिस जितके लांबेल तितके लांबवायचे आहे. सोबत आलेल्या मुलाचाही दाब मोजला. वय चौतीस, त्रास काही नाही, भरला १५२/९६. त्याला आठ दिवसांनी पुन्हा बोलावले आहे.