ओल्या लाकडाचा हिशेब

रत्नागिरी
आषाढ

चि. मुक्ता हिस,


फोनवर तू गवंड्याला भरपूर नावं ठेवलीस. पण मे महिन्यात मी चूल पाहिली आहे. मांडणी नेटकी आहे आणि धुराडंही कौलांच्या वर चांगलं हातभर काढलेलं आहे. त्याच्या सांध्यांतून जे तपकिरी, चिकट पाणी ओघळतंय ते पावसाचं नव्हे. पावसाच्या पाण्याला डांबराचा वास येत नाही. ते तुझ्या लाकडांतून आलेलं आहे. स्वस्तात मिळाली म्हणून मेअखेरीस टेम्पोभर अकेशिया घेतलीस, ती आदल्याच आठवड्यात तोडलेली होती.

शाळेत विज्ञान शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे आकडे मांडल्याशिवाय मला राहवत नाही. ताज्या तोडीच्या लाकडात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं. म्हणजे 100 किलोमागे 50 किलो पाणी तू विकत घेतलंस, तेही लाकडाच्या भावाने. एवढ्या पाण्याची वाफ करायला साधारण 7 किलो कोरड्या लाकडाची उष्णता लागते. हा तोटा तसा सोसण्याजोगा. म्हणूनच लोक म्हणतात, जळेल की हळूहळू! खरा घात पुढे आहे. तापलेल्या लाकडाचा बराचसा भाग आधी वायू होऊन बाहेर पडतो, आणि तो वायू पेटला की आपल्याला ज्वाळा दिसते. तो पुरता जळायला 600 अंश सेल्सिअसच्या आसपास ताप लागतो. पण आत पाणी आहे तोवर लाकडाचा गाभा 100 अंशांच्या वर जात नाही, आणि निघणारी वाफ भोवतालचा जाळही गार करते. मग वायू न पेटताच वर जातो. ज्याने भात शिजायचा तो ऐवज तुझ्या डोळ्यांत आणि वहिनीच्या छातीत जातो, आणि उरलेला धुराड्याच्या गार पत्र्याला आतून थिजून बसतो.

हे डांबर नुसतं घाण करत नाही, ते पेटतं. थर साठला आणि एखाद्या दिवशी चुलीत मोठा जाळ झाला, तर आग धुराड्याच्या आतच लागते. तुझं धुराडं वाशाला जवळजवळ टेकून गेलंय, म्हणून मला घोर आहे. पावसाने उघडीप दिली की ते उतरवून तारेच्या ब्रशने खरवडून घे. वाशापासून चांगलं लांब बसवायलाही सांग. तेवढ्यापुरता गवंडी दोषी, हे मान्य.

ऐंशीच्या दशकात सरकारी योजनेतून गावोगाव निर्धूर चुली बसवल्या गेल्या. पुढे कितीतरी घरांतली धुराडी काजळीने तुंबली, नि लोकांनी चुली मोडून टाकल्या. चुलीवर पुष्कळ चर्चा झाली. तिच्यात काय घालतोय यावर फारशी कोणी केली नाही.

यंदा ती अकेशिया जाळू नकोस. स्वयंपाक गॅसवर कर. बंबाला गेल्या वर्षीच्या करवंट्या आणि सोडणं माळ्यावर असतील ती वापर. रॉकेल ओतायचा सल्ला शेजारून येईलच. रॉकेल रॉकेलसारखं जळून जातं, लाकूड होतं तसंच राहतं. आणि कपडे वाळवायला निखाऱ्यांचं घमेलं दार लावून खोलीत ठेवतेस, ते आजपासून बंद. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो जागं होऊ देत नाही. यात मी ऐकून घेणार नाही.

पुढच्या पावसाचं जळण दिवाळीनंतर, फार तर मार्गशीर्षात घरात यायला हवं, आणि आल्या आल्या फोडायला हवं. लाकडातलं पाणी टोकांकडून आणि फोडलेल्या अंगाने जातं, सालीतून फारसं जात नाही. अख्खा ओंडका वर्षभर पडला तरी आतून दमटच राहतो. मनगटाएवढ्या फोडी कर. खाली चिरे घालून त्यांवर आडव्या-उभ्या रच, म्हणजे वारा आरपार खेळेल. ताडपत्री घालायचीच तर फक्त डोक्यावर, बाजू उघड्या. सगळीकडून गुंडाळलंस तर आतल्या आत बुरशी येईल. मृग लागायच्या आत सगळं खोपीत, आणि आठवड्याला लागेल तेवढं चुलीवरच्या माळ्यावर. आपल्या पावसाळी हवेत वाळलेलं लाकूडही पुन्हा ओल धरतं, म्हणून तो माळा.

वाळलं की नाही ते हातालाच कळतं. फोड हलकी लागते, टोकाला चिरा पडतात, साल सुटते, दोन फोडी एकमेकींवर आपटल्या तर टणटणीत आवाज येतो. ओली नुसतीच थप्प वाजते, आणि चुलीत घातली की टोकाला फेस काढून चुरचुरते. हातावर विश्वास नसेल तर तुझा केकचा ओव्हन आहेच. फोडीच्या मधून 200 ग्रॅमच्या ढलप्या काढ, वजन उतरायचं थांबेपर्यंत 105 अंशांवर ठेव. 160 ग्रॅम उरल्या तर 20 टक्के पाणी. याच्या आत असेल तर खुशाल जाळ.

आंबा लवकर वाळतो पण त्याला कीड लवकर लागते, म्हणून तो आधी संपव. ऐन, किंजळ जड, निखारा टिकणारे. मात्र आपल्या आवारातले असले तरी ऐन, किंजळ, आंबा, फणस परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, 1964 चा कायदा आहे. बांबू घालशील तर उभा चिरून, नाहीतर पेरं फुटून निखारे अंगावर येतील. काजूच्या बियांची टरफलं आणि बिब्ब्याचं लाकूड चुलीजवळसुद्धा आणू नकोस. प्लायवूडचे तुकडेही नकोत.

टेम्पोवाल्याशी मात्र आत्ताच बोलून ठेव. लाकडं दिवाळीनंतर हवीत, आणि पैसे वजनावर नाही, रचलेल्या ढिगाच्या मापावर मिळतील. ओल्या मालाचं वजन त्याच्या फायद्याचं असतं, तेव्हा तो कुरकुरेल. ऐकलाच नाही तर त्याचा नंबर मला पाठव, मी बोलते.

वहिनीला नमस्कार.

तुझी,
आत्या