खाण तशी माती?

प्रस्तावना

‘खाण तशी माती’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी सहज येते. आईवडिलांचे रूप, उंची किंवा स्वभाव मुलांत उतरलेला दिसला, की तिचा उपयोग केला जातो. घरात कोणाला कर्करोग झाला, की मात्र हीच म्हण भीतीचे रूप धारण करते. ‘आजीला झाला, आईला झाला, आता माझी पाळी’ असे एखादी लेक मनाशी म्हणते. उलट, ‘आमच्या घराण्यात हा रोग कोणालाच नाही’ असे म्हणत एखादा गृहस्थ निर्धास्तपणे तंबाखूची चिमूट गालात धरतो. दोघांचेही गणित चुकलेले असते. ते कोठे चुकते, हे या पाठात पाहावयाचे आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर आपण –
• कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध स्पष्ट करू शकाल;
• कर्करोगास कारणीभूत होणारे परिसरातील घटक सांगू शकाल;
• रोगाचे निदान वेळेवर होण्याचे महत्त्व पटवून देऊ शकाल.

१. पेशीची दोन कुलुपे

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशीने कसे वागावे, याच्या सूचना जनुकांमध्ये साठवलेल्या असतात. बहुतेक जनुके जोडीने असतात. एक आईकडून आलेले, दुसरे वडिलांकडून. काही जनुकांचे काम पेशींच्या वाढीला आवर घालण्याचे असते. हा आवर सुटला, की पेशी बेबंद वाढू लागतात. यालाच कर्करोग म्हणतात.

डोळ्याच्या दृष्टिपटलाचा एक कर्करोग लहान मुलांना होतो. काही मुलांना तो दोन्ही डोळ्यांत आणि अगदी लहान वयात होतो, तर काहींना एकाच डोळ्यात आणि थोडा उशिरा. असे का व्हावे? अमेरिकेतील डॉ. आल्फ्रेड नुडसन यांनी ४८ रुग्णांच्या नोंदी तपासून १९७१ मध्ये याचे उत्तर सुचवले. एखाद्या दाराला दोन कुलुपे असावीत, तशी ही आवर घालणाऱ्या जनुकांची जोडी असते. दोन्ही कुलुपे तुटल्याशिवाय दार उघडत नाही. ज्या मुलाला सदोष जनुक वारशाने मिळते, त्याच्या प्रत्येक पेशीतील एक कुलूप जन्मतःच तुटलेले असते. त्यामुळे दुसरे तुटण्याचाच काय तो अवकाश! इतर मुलांच्या बाबतीत मात्र एकाच पेशीतील दोन्ही कुलुपे एकामागून एक तुटावी लागतात.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. वारशाने प्रत्यक्ष कर्करोग मिळत नाही. मिळते ती त्याची वाढलेली शक्यता. शिवाय सर्व कर्करोगांपैकी साधारणपणे ५ ते १० टक्केच अशा वारशाने आलेल्या ठळक दोषामुळे होतात.

२. तेच जनुक, निराळा काळ

स्तनाच्या कर्करोगाशी निगडित असलेले एक जनुक सतराव्या गुणसूत्रावर असल्याचे मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये दाखवून दिले. ‘बीआरसीए-१’ या नावाने ओळखले जाणारे हे जनुक १९९४ मध्ये प्रत्यक्ष सापडले. यातील दोष आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येऊ शकतो आणि प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते.

किंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक विचारप्रवर्तक निष्कर्ष मांडला. न्यूयॉर्क परिसरातील ज्यू कुटुंबांतील, असे सदोष जनुक असलेल्या स्त्रियांचा त्यांनी अभ्यास केला होता. १९४० पूर्वी जन्मलेल्या स्त्रियांना वयाच्या पन्नाशीपर्यंत हा रोग होण्याचे प्रमाण २४ टक्के, तर १९४० नंतर जन्मलेल्यांत ते ६७ टक्के आढळले. जनुकातील दोष तोच होता. बदलले होते ते जगणे. तरुणपणी व्यायाम करणाऱ्या आणि वजन आटोक्यात असलेल्या स्त्रियांमध्ये रोग उशिरा सुरू झाल्याचेही दिसून आले. म्हणजे खाण तीच असली, तरी वारापाऊस मातीचे रूप पालटतो.

३. बाहेरून पडणारे घाव

परिसराचा हा वाटा लक्षात येऊ लागला तो फार पूर्वी. १७७५ मध्ये लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्या कामगारांमध्ये अंडकोशाच्या त्वचेचा कर्करोग आढळतो, हे नोंदवले आणि त्याचा संबंध काजळीशी जोडला. पोटासाठी धुराड्यात उतरणाऱ्या त्या मुलांना हा रोग वारशाने नव्हे, तर व्यवसायाने दिला होता.

आपल्याकडे काजळीची जागा तंबाखूने घेतली आहे. विडी, गुटखा, मिश्री अशा कोणत्याही रूपात तंबाखू पेशींमधील जनुकांवर घाव घालतो. मात्र हे घाव थांबवणे माणसाच्या हाती आहे. ब्रिटनमधील डॉक्टरांच्या ५० वर्षे चाललेल्या पाहणीचा निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. सिगारेट ओढणे तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांचे आयुष्य सुमारे १० वर्षांनी, तर साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांचेही सुमारे ३ वर्षांनी वाढते, असे त्यात आढळले.

४. होणे आणि वाचणे

रोग होणे ही एक गोष्ट आणि त्यातून वाचणे ही दुसरी. गर्भाशयमुखाचा कर्करोग एका विषाणूच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या संसर्गामुळे होतो. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून सव्वा लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास करण्यात आला. ज्या गटातील स्त्रियांना या विषाणूची चाचणी केवळ एकदा उपलब्ध करून देऊन पुढील उपचार दिले गेले, त्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. हा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या स्त्रियांची जनुके कोणी बदलली नव्हती. गावापर्यंत एक चाचणी पोहोचली होती, एवढेच.

५. समारोप

आता सुरुवातीच्या त्या दोघांकडे पुन्हा वळू. लेकीने घाबरून गप्प बसू नये. आजी, आई, मावशी, आत्या यांपैकी कोणाला, कोणत्या वयात रोग झाला हे डॉक्टरांना सांगावे, गरज असल्यास जनुकीय तपासणीविषयी सल्ला घ्यावा आणि नियमित तपासणी करून घ्यावी. गृहस्थाने घराण्याचा दाखला देणे सोडून हातातली चिमूट टाकून द्यावी.

तरीही एक सत्य उरतेच. पेशी विभागताना निव्वळ योगायोगानेही चुका होतात. त्यामुळे निर्व्यसनी माणसालाही कर्करोग होऊ शकतो. म्हणून रुग्णाला ‘तुझेच चुकले’ असा दोष देणे अन्यायाचे आहे. त्याला गरज असते ती उपचारांची आणि आपुलकीची. वारसा निवडता येत नाही. पण त्याची माहिती करून घेता येते, आणि माहिती असलेल्या संकटाला वेळेवर सामोरे जाता येते.

स्वाध्याय

१. ‘वारशाने प्रत्यक्ष कर्करोग मिळत नाही’ हे विधान दोन कुलुपांच्या दृष्टान्ताच्या आधारे स्पष्ट करा.
२. १९४० पूर्वी व नंतर जन्मलेल्या स्त्रियांच्या तुलनेतून कोणता बोध होतो?
३. ‘खाण तशी माती’ ही म्हण कर्करोगाच्या बाबतीत कितपत खरी आहे? आपले मत आठ ते दहा ओळींत लिहा.
४. आपल्या शेजारी कर्करोगाचा रुग्ण आहे. त्याच्याशी आपण कसे वागाल, ते थोडक्यात लिहा.