मुदतीतली शिल्लक



आश्विन उजाडला, पावसाने उसंत घेतली आणि घाटरस्त्यांवरचे शेवाळ वाळू लागले, की पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर अशा ठिकठिकाणांहून लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांची पत्रे माझ्याकडे येऊ लागतात. यंदाच्या टपालातील चार पत्रे मी बाजूला काढून ठेवली आहेत. ३०० किलोमीटरच्या फेरीला आठ दिवस उलटले तरी करंगळीचा बधिरपणा जात नाही, असे बँकेत नोकरी करणारे एक गृहस्थ कळवितात. खंबाटकीचा घाट चढताना गुडघ्याची वाटी दुखते, ही एका महाविद्यालयीन तरुणाची तक्रार आहे. महामार्गावर धड स्वच्छतागृह सापडत नाही म्हणून दिवसभर पाणीच पीत नाही आणि मग लघवीला जळजळ होते, असे एका शिक्षिकेने संकोचत लिहिले आहे. आणि पन्नाशी उलटलेले एक सद्गृहस्थ विचारतात, की ६०० ची फेरी ३४० व्या किलोमीटरवर सोडून द्यावी लागली, आता मित्रांना तोंड कसे दाखवू? या चारही तक्रारींची निदाने वेगवेगळी आहेत. परंतु त्यांच्या तळाशी एकच सवय आहे, आणि ती म्हणजे हाताशी असलेला वेळ न खर्चण्याची.

हे म्हणणे नीट ध्यानात यावे म्हणून ब्रेव्हेची, म्हणजे ठरावीक मुदतीत पुऱ्या करावयाच्या या लांब फेऱ्यांची, कलमेच पुढे ठेवतो. २०० किलोमीटरला १३ तास ३० मिनिटे, ३०० ला २० तास, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास, अशी मुदत ठरलेली आहे, आणि एकाच मोसमात या चारही फेऱ्या पुऱ्या करणाऱ्यास ‘सुपर रँडोनिअर’ हा किताब मिळतो. हिशेब केला तर ताशी सुमारे १५ किलोमीटरचीच अपेक्षा आहे, आणि तीही जेवणखाण, पंक्चर, विश्रांती सारे धरून. ताशी २२ च्या चालीने जाणारा स्वार २०० किलोमीटर नऊ तासांत कापतो. म्हणजे सुमारे साडेचार तास त्याच्या पदरी शिल्लक राहतात. पहिल्या येणाऱ्याला येथे क्रमांक नाही आणि शेवटच्याला कमीपणा नाही. ज्यांनी हे नियम बांधले त्यांनी थांबण्याची मुभा प्रवासाचे एक अंग म्हणूनच दिली आहे. आपण मात्र ती शिल्लक जशीच्या तशी परत करतो आणि तिचा भुर्दंड शरीराकडून वसूल होतो.

आता करंगळीकडे वळू. मनगटाच्या करंगळीकडील बाजूने एक नस तळहातात उतरते. तासन्‌तास हँडलवर भार टाकून बसल्याने ती चेपली जाते आणि करंगळी व तिच्या शेजारची अर्धी अनामिका बधिर होते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असेल, तर दुसरी नस दबली आहे असे समजावे. दर दहा-पंधरा मिनिटांनी हाताची पकड बदलावी, मनगट मागे मोडू न देता सरळ ठेवावे, आणि सीटचे टोक खाली झुकले आहे काय ते पाहावे. कारण झुकलेली सीट सारे धड पुढे लोटते व तो भार तळहातांवर येतो. पुढील तीन-चार आठवडे लांबची फेरी तहकूब ठेवावी. सदऱ्याची गुंडी लावताना किंवा कुलपात किल्ली फिरविताना बोटांत जोर राहत नसेल, तर मात्र दिरंगाई न करता डॉक्टरांस हात दाखवावा. हीच गोष्ट सीटवर दाबल्या जाणाऱ्या जननांगांजवळच्या नसेची. तेथील बधिरपणा पुष्कळ पुरुष आणि स्त्रिया लाजेने लपवितात, आणि तो लपविण्यातच धोका आहे. बैठकीच्या हाडांच्या रुंदीला जुळेल अशी सीट निवडावी, अधूनमधून पायडलवर उभे राहून भार हलका करावा. पॅडेड शॉर्ट्सच्या आत दुसरे वस्त्र घालू नये, आणि फेरी संपताच ती उतरवून अंग धुऊन कोरडे करावे. मांड्यांतील फोड बहुतांशी ओल आणि घर्षण यांपासूनच उद्भवतात.

तरुण मित्राच्या गुडघ्याची हकीकत अशी, की वाटीच्या पुढच्या अंगाला दुखणे हे बहुधा सीट खाली असल्याचे, आणि गुडघ्याच्या मागे दुखणे हे ती वर असल्याचे लक्षण असते. भिंतीला टेकून सायकलवर बसावे, टाच पायडलवर ठेवून पायडल तळाला न्यावे. त्या वेळी पाय जेमतेम सरळ झाला, तर चवड्याने पायडल मारताना गुडघ्याला सुमारे २५ ते ३५ अंशांचा योग्य बाक राहतो. सीट एकाच वेळी बोटभर न उचलता दोन-तीन मिलिमीटरने सरकवावी आणि आठवडाभर अनुभव घ्यावा. घाटात जड गिअर रेटण्यात पौरुष मानणे सोडून द्यावे. हलका गिअर लावून पाय भरभर फिरविले असता तीच चढण गुडघ्यावर पुष्कळ कमी ताण टाकून सर होते. आठवड्याचे अंतर एकदम दुप्पट करण्याऐवजी दहा-बारा टक्क्यांनीच वाढवावे, कारण स्नायू लवकर तयार होतात, परंतु स्नायुबंध मागाहून.

शिक्षिकाबाईंचे पत्र मला सर्वांत अधिक अस्वस्थ करून गेले. पाणी न पिणे आणि लघवी रोखून धरणे, या दोहोंनी मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग होण्यास वाव मिळतो, आणि उन्हात तर अंगाचे तापमान आवाक्याबाहेर जाण्याचेही भय असते. बाई, आपण निघण्यापूर्वीच मार्गावरील पेट्रोल पंप आणि कुटुंबासह लोक उतरतात अशी हॉटेले नकाशावर टिपून ठेवावीत आणि तेथे थांबण्यासाठी दर दोन तासांमागे दहा मिनिटे हक्काने राखून ठेवावीत. थंडी वाजून ताप आला किंवा कमरेच्या वर एका बाजूस दुखू लागले, तर त्याच दिवशी तपासून घ्यावे. आयोजकांनाही माझी विनंती आहे, की आपल्या कंट्रोलची, म्हणजे वाटेतील नोंदीच्या ठाण्याची, जागा निवडताना तेथे स्त्रियांना निर्वेधपणे जाता येईल असे स्वच्छतागृह आहे की नाही, हे आधी पाहावे.

पाण्याचा अतिरेकही घातक असतो, हे येथेच सांगितले पाहिजे. घामावाटे मीठ जाते, आणि त्याच्या जागी केवळ साधे पाणी घटाघटा भरीत गेले तर रक्तातील सोडियम उतरून डोके दुखणे, मळमळ, भ्रम, क्वचित झटके येईपर्यंत मजल जाते. तहान लागेल तसे पीत जावे, आणि सरावाच्या फेरीआधी व नंतर वजन करावे: एक किलो घटले तर सुमारे एक लिटर पाणी कमी पडले, आणि वजन वाढले तर गरजेपेक्षा अधिक प्यायलो, असा सरळ ठोकताळा आहे. ओआरएसचे मोठे पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात कालवावे. ते नसल्यास एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ चालते. खाण्याच्या बाबतीत, दर तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात जावेत. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात. खजूर, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, गुळाची दशमी हे आपले जुने शिधे या कामी उत्तम. भूक लागेपर्यंत वाट न पाहता पहिल्या पाऊण तासातच खाण्यास आरंभ करावा. मिसळ किंवा वडापाव खाण्यास माझी हरकत नाही, परंतु तळलेले व तिखट पोटात रेंगाळते. ते खाऊन लगेच घाटाला भिडू नये, वीस मिनिटे बसावे.

एक ताकीद मात्र मी निःसंदिग्ध शब्दांत देतो. दुखणे दाबण्यासाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या घेऊन पुढे रेटण्याची चाल काही मंडळींत रूढ होऊ पाहते आहे. अंगातले पाणी आटले असता मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा आधीच रोडावलेला असतो, आणि त्यात या गोळ्या त्यांना इजा करू शकतात. फेरीनंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, तर स्नायू झिजून त्यांतील द्रव्य रक्तात उतरल्याची ती खूण असू शकते; अशा वेळी तडक रुग्णालय गाठावे.

निद्रेविषयी मी स्वानुभवाने लिहितो. काही वर्षांमागे ४०० च्या फेरीत, पहाटे साडेतीनच्या सुमारास साताऱ्याच्या रस्त्यावर, माझी सायकल डांबर सोडून कडेच्या खडीवर उतरली आणि त्या खडखडाटाने मी जागा झालो. माझे डोळे उघडे होते, तरीही त्याआधीच्या काही क्षणांची कोणतीही स्मृती मला नाही. मागून मालट्रक येत नव्हता, एवढ्याच योगायोगाने मी आज हे सदर लिहीत आहे. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान शरीराचे तापमान नीचांकावर असते आणि इच्छाशक्तीने त्या झोपेवर मात करता येत नाही. पापण्या जड होताच उजेडाच्या, सुरक्षित जागी थांबावे, कपभर कॉफी घ्यावी आणि वीस मिनिटांचा गजर लावून आडवे व्हावे; कॉफीचा अंमल चढण्यास जवळजवळ तेवढाच वेळ लागत असल्याने दोन्हींचा लाभ एकदम मिळतो.

आता शेवटच्या पत्राकडे. या गृहस्थांना वांत्या होत होत्या, भोवळ येत होती आणि तरीही आपण सायकलवरून उतरलो याचा त्यांना पश्चात्ताप वाटतो. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली जोडीने, आणि लेफ्टनंट कर्नल डॉ. श्रीनिवास गोकुलनाथ व नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली एकेकट्याने, अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत पुरी केली, हे आपण सारे अभिमानाने सांगतो. परंतु त्या शर्यतीत स्वारासोबत गाडीतून त्याची मंडळी असतात. तो केव्हा खाईल, केव्हा निजेल, याची काळजी ती वाहतात. ब्रेव्हेत अशी सोबतची गाडी चालत नाही. तेथे स्वार आपणच आणि त्याला ‘आता उतर’ असे सांगणारेही आपणच. महोदय, त्या रात्री आपण ही दुसरी कामगिरी चोख बजावली, आणि मित्रांना सांगण्याजोगी गोष्ट असेल तर ती हीच आहे. पुढच्या मोसमाआधी रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी करून घ्यावी. छातीत दडपण, अकारण धाप किंवा उन्हात बोलणे असंबद्ध होणे, यांपैकी काहीही जाणवले तर तेथेच थांबून सोबत्याला हाक मारावी.

आणि चौघांनाही एक विनंती आहे. येत्या फेरीत, ज्या टपरीसमोरून आपण दरवेळी घड्याळाकडे पाहत पुढे निघून जाता, तेथे सायकल भिंतीला लावावी, हातमोजे काढून बोटे हलवावीत, चहा घ्यावा आणि वीस मिनिटे बसावे. मुदतीत तेवढी शिल्लक आहे. मी हिशेब करून पाहिला आहे.

आपला,
डॉक्टर